दयाळ, भारद्वाज आणि क्रमांक तीनशे सात

दिनांक ६ डिसेंबर १९७१, सोमवार. काळा कागद, चौदा ताव, दर पंचावन्न पैसे, एकूण सात रुपये सत्तर पैसे.

हाच कागद आदल्या गुरुवारपर्यंत जबलपुरात ओमतीच्या त्याच दुकानात वीस पैशांना मिळत होता. शुक्रवारी लढाई सुरू झाली, शनिवारी दिवे झाकण्याचा हुकूम निघाला आणि सोमवारी दुकानदाराने भाव पंचावन्न केला. विष्णुपंत खिरवडकरांनी ताव उजेडाकडे धरला, कोपरा चिमटीत घेऊन जाडी अजमावली आणि म्हणाले, "भैया, इसमें एक थाउ कम है."

थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाचे शेर-मापटे तेच.

दुकानदार म्हणाला, "पंडितजी, लेना हो तो लो. पाकिस्तान मोटाई नापने नहीं आ रहा."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, कारखान्याच्या लेखा शाखेत कनिष्ठ कारकून. दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी माणसे फार आणि खोल्या कमी, म्हणून वसाहतीत क्वार्टर मिळताच मी तिकडे राहायला गेलो. माझी भिंत विष्णुपंतांच्या भिंतीला लागून होती. मी बी.कॉम. आहे हे कळल्या दिवसापासून त्यांनी माझे नावच बीकॉम ठेवले. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतो आहे. कागद आवरताना त्या सालची डायरी निघाली आणि वाटले, या माणसाबद्दल कुणी तरी नीट लिहून ठेवले पाहिजे. दुसरे कुणी ठेवील असे दिसत नाही.

विष्णुपंत १९४२ साली, मागच्या महायुद्धाच्या भरतीत, विसाव्या वर्षी कारखान्यात लागले. काम तपासणीचे. तोफगोळ्याच्या टोपणाला दोन मापे लावायची. पहिल्या मापातून टोपण गेले पाहिजे आणि दुसऱ्यातून जाता कामा नये. बस, एवढेच. एकोणतीस वर्षे रोज आठ तास हे केल्यावर माणसाचे जे होते ते त्यांचे झाले होते. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्यापाशी तीनच निकाल असत: पास, नापास आणि पुन्हा तपासा. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा कुंदाकाकूंनी विचारले, "अहो, पुरणपोळी कशी झाली?" ते म्हणाले, "पुन्हा तपासा," आणि ताट पुढे केले. अशा त्यांनी पाच तपासल्या.

पण त्यांचा खरा जीव घरामागच्या बागेत होता. बाग म्हणजे तीस फूट लांब, वीस फूट रुंद जमीन. तिला मेंदीचे कुंपण, मध्ये एक पेरू, एक लिंबू आणि भिंतीशी तगर. विष्णुपंत रोज सकाळी सातपासून पाऊण तास तिथे वेताच्या खुर्चीत बसत, मांडीवर रजिस्टर, कानावर पेन्सिल. आलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद होई. क्रमांक, वेळ, कोण, कोठून, काय केले, निकाल. कारखान्यात रद्द झालेले छापील तपासणी-तक्ते ते मागून आणत आणि त्यांची पाठकोरी पाने शिवून रजिस्टर करत. अशी बावीस रजिस्टरे ट्रंकेत होती. तेविसावे चालू होते.

खारींचे खाते वेगळे. त्या अकरा होत्या आणि त्यांना कामगारांसारखे टोकन नंबर होते. "चार नंबर आज लेट आहे," असे ते म्हणत तेव्हा नव्या माणसाला वाटे, कुणा फिटरबद्दल चालले आहे. चार नंबरची शेपटी अर्धीच होती. तिने कुंदाकाकूंच्या गादीतला कापूस, विनीताच्या वेणीची रिबन आणि माझ्या बनियनची एक बाही एवढा माल वेळोवेळी पेरूवर नेला होता. विनीता ही त्यांची मुलगी, तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पक्ष्यांना दाणे टाकायचे काम तिचे.

तर त्या सोमवारी आम्ही दोन्ही घरांच्या खिडक्यांना काळा कागद लावला. वरच्या झरोक्यांना काचा नव्हत्याच, तिथे नुसता कागद ताणून बसवला. खळ कुंदाकाकूंनी केली. मैद्याची खळ नीट चिकटत नाही, असे त्यांच्या माहेरचे मत होते, म्हणून त्यांनी तिच्यात गूळ घातला.

"अगं, गूळ काहून घातला?" विष्णुपंत म्हणाले.

"चिकटायला. तुमच्या बॉम्बला विचारून घालू का?"

खळ उत्तम चिकटली. मंगळवारी चार नंबरला तिचा वास लागला, बुधवारी बाकीच्या दहा आल्या आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराच्या झरोक्याच्या कागदात, जिथे जिथे गूळ होता तिथे तिथे, पैशाएवढी भोके पडली. आतून कुणाच्या लक्षात आले नाही. साडेसातला कुंदाकाकूंनी भाजीला फोडणी देण्यासाठी दिवा लावला आणि बाहेरून पाहणाऱ्याला काळ्या भिंतीवर चांदण्यांचा एक पट्टा दिसला.

बाहेरून पाहणारे होते भारद्वाजजी. हे कारखान्याच्या सुरक्षा शाखेचे इन्स्पेक्टर. उंच, मिशाळ, कपाळाला गंध. आपण कांदा-लसूणसुद्धा खात नाही, असे ते न विचारता सांगत. युद्ध सुरू झाल्यापासून वसाहतीची गस्त त्यांनी स्वतःकडे घेतली होती आणि सहा दिवसांत एकही हेर सापडला नाही म्हणून ते नाराज होते.

"बत्ती बंद करो! कौन इशारा दे रहा है?" असे ओरडत ते आत आले. ओरडा ऐकून मीही धावलो.

"इशारा कैसा साहब, गिलहरी खा गई," विष्णुपंत म्हणाले.

"क्या खा गई?"

"ब्लैकआउट."

हे उत्तर सरळ होते, पण युद्धकाळात सरळ उत्तर फारसे चालत नाही. भारद्वाजजींनी टॉर्च घरभर फिरवला आणि तो टेबलावरच्या रजिस्टरवर येऊन थांबला. त्यांनी ते उघडले. आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठी आणि हिंदी एकाच लिपीत लिहितात. त्यामुळे हिंदी माणसाला मराठी मजकूर वाचता येतो. समजतो मात्र अर्धाच. अजिबात समजला नसता तर काही झाले नसते. पूर्ण समजला असता तरी काही झाले नसते.

भारद्वाजजी मोठ्याने वाचू लागले.

"'क्रमांक २१४. ७.२०. भारद्वाज.'" ते थांबले. माझ्याकडे पाहिले, विष्णुपंतांकडे पाहिले आणि पुढे गेले. "'मेंदीच्या झुडपातून चोरपावलाने आला. लाल डोळे. दुसऱ्याच्या घरातील अंडी खाल्ली. निकाल: नापास.'"

भारद्वाजजींनी टॉर्च विष्णुपंतांच्या तोंडावर धरला.

"अंडी माने?"

 विनीताने सांगितले, "अंडे, भैया."

"मैं अंडा खाता हूँ?"

खरे तर खात होते. कँटीनच्या मागच्या खोलीत दुपारी तीनला त्यांच्यासाठी दोन अंड्यांचे ऑम्लेट होते, हे अख्ख्या लेखा शाखेला ठाऊक होते; बिले आमच्याकडेच येत. नेमके म्हणूनच ते एवढे हादरले.

"साहब, वो चिड़िया है," विष्णुपंत म्हणाले. "हमारे मराठी में भारद्वाज बोलते हैं. शुभ मानते हैं."

"चिड़िया!" भारद्वाजजींनी पान उलटले. "'दयाळ. ७.०५. कुंपणावर. छाती फुगवून ऐट करतो. मादीने ढुंकूनही पाहिले नाही. निकाल: पुन्हा तपासा.'" त्यांनी वर पाहिले. "दयाल साहब! और मेमसाहब को... मादी?"

दयाळ हाही पक्षीच, पण दयाल साहेब म्हणजे आमच्या प्रशासनाचे मुख्य.

पुढच्या पानावर कोतवाल विजेच्या तारेवर बसला होता आणि त्याच्या पुढच्या नोंदीत 'पूर्वेकडून सात आल्या, कारखान्यावर घिरट्या घालून पश्चिमेस गेल्या' असे घारींबद्दल लिहिले होते. घार म्हणजे चील, हे भारद्वाजजींना माहीत असायचे कारण नव्हते. त्यांनी रजिस्टर काखेत मारले. ट्रंकेतली बावीसही न्यायची होती, पण ट्रंक उचलेना.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कागद आला. चौकशी बुधवारी, दिनांक १५ रोजी. तोवर खिरवडकरांनी फाटकाच्या आत येऊ नये. आरोप सिद्ध झाल्यास सेवा समाप्त आणि क्वार्टर चोवीस तासांत खाली.

विष्णुपंतांनी कागद दोनदा वाचला.  मग म्हणाले, "बीकॉम, क्वार्टर गेला तर पेरू कुणाकडे जाईल रे?"

"काका, आधी नोकरीचं बघा."

"नोकरीचं ते बघून राहिले. पेरूचं कोण बघते?"

त्याच दुपारी मला दुसरा कागद आला. मराठी आणि हिंदी दोन्ही जाणणारा पदवीधर कर्मचारी म्हणून मी रजिस्टरचा संपूर्ण हिंदी अनुवाद करावा, तो मुळाबरहुकूम असल्याचे प्रमाणपत्र द्यावे आणि बुधवारी सादर करावा. रजिस्टर सुरक्षा शाखेतून हलणार नव्हते. मी शनिवार, सोमवार आणि मंगळवार तिथे बसलो, समोर भारद्वाजजी.

रजिस्टर गांधीजयंतीला सुरू झालेले. नोंदी चारशे बारा. पहिल्याच नोंदीवर मी अडलो. दयाळाला हिंदीत काय म्हणतात? जबलपुरात जन्मलो, हिंदीत शिकलो, हिंदीत भांडतो, पण पक्ष्यांची नावे घरात आईकडून आलेली, ती मराठीच राहिली. संध्याकाळी विष्णुपंतांना विचारले. त्यांनाही ते नाव ठाऊक नव्हते. एकोणतीस वर्षे ते हिंदी बोलत होते, पण पक्ष्यांशी मराठीच.

"शिंप्याला काय म्हणतात काका? दर्जी लिहू?"

"लिही."

"परीट म्हणजे धोबी? खाटीक म्हणजे कसाई? सुतार म्हणजे बढ़ई? काका, सगळी वसाहतच झाली की ही. कुणाला वाटेल, तुम्ही मोहल्ल्यावर पाळत ठेवून राहिले."

"मग नावं काय मी ठेवली?"

शेवटी मी प्रत्येक ठिकाणी 'नामक पक्षी' असे जोडले. 'दयाल नामक पक्षी छाती फुलाकर अकड़ता है.' वाचून मलाच घाम फुटला.

कुंदाकाकूंचा सल्ला वेगळा होता. "श्रीकांत, तू दयाळच्या जागी चिमणा लिही, भारद्वाजच्या जागी कावळा. कोण बघते?"

विष्णुपंत जेवता जेवता ताठ झाले. "नोंद बदलायची? अगं, उद्या टोपण फुटलं तर?"

"कोणतं टोपण? चिमणीचं?"

"नोंद म्हणजे नोंद."

मंगळवारी दुपारी मी क्रमांक तीनशे सातवर आलो. ती नोंद अशी होती: 'श्रीकांत. ७.४०. कुंपणाशी. विनीता दाणे टाकते तेव्हाच पक्षी बघायला येतो. पक्षी एकही ओळखत नाही. निकाल: पुन्हा तपासा.'

मी समोर पाहिले. भारद्वाजजी वर्तमानपत्रात आघाडीची बातमी वाचत होते. मी तीनशे सहानंतर तीनशे आठ लिहिले आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही केली. वाणिज्य शाखेच्या माणसाने असे करू नये हे मला तेव्हाही माहीत होते.

बुधवारी अकराला चौकशी बसली. टेबलापलीकडे दयाल साहेब, बाजूला भारद्वाजजी, अलीकडे विष्णुपंत आणि मी. दाराशी साहेबांचा शिपाई नथ्थू. हा कुंडमकडच्या जंगलातला, पन्नाशीचा, सदा अर्धवट झोपेत असल्यासारखा दिसणारा. दयाल साहेब मवाळ आवाजाचे गृहस्थ होते. बोलताना त्यांना छाती पुढे काढायची सवय होती, आणि ती त्या दिवशी मला नको तितकी दिसत होती.

त्यांनी अनुवाद चाळला. "तो ये मैं नहीं हूँ?"

"नहीं साहब," मी म्हणालो. "आपके नाम में ल है. मूल में ळ है."

"क्या है?"

"ळ."

"ड़?"

"ळ, साहब. जीभ ज़रा पीछे मोड़कर."

दयाल साहेबांनी प्रयत्न केला. "दयाड. दयार. दया... ये अक्षर हमारे यहाँ तो है नहीं."

"कोडवर्ड है साहब," भारद्वाजजी म्हणाले. "अक्षर तक अलग बना रखा है."

"और भारद्वाज में कौन-सा अक्षर अलग है?" साहेबांनी मला विचारले.

त्यात काहीच वेगळे नव्हते. 

"ठीक है," साहेब म्हणाले. "नाम के आगे 'नामक पक्षी' लिखा है, प्रमाणित है. सब नाम पक्षियों के हैं तो बात ख़त्म. खिरवडकरजी, अनुवाद देख लीजिए, दस्तख़त कर दीजिए."

सही केली असती तर सारे तिथेच मिटले असते. पण तपासणीसाच्या हातात माल दिला होता. विष्णुपंतांनी चष्मा लावला. मजकूर वाचलाच नाही. डाव्या बाजूच्या क्रमांकांवरून बोट खाली खाली नेत गेले.  सातव्या पानावर बोट थांबले.

"साहब, एक नग कम है."

"क्या कम है?"

"चार सौ बारह गए थे, चार सौ ग्यारह आए. तीन सौ सात नहीं है." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "बीकॉम, एक नग कुठे पडला रे?"

मी म्हणालो, "काका, राहू द्या नं."

"राहू द्या काहून? माल पूर्ण पाहिजे."

भारद्वाजजींनी मूळ रजिस्टर ओढले आणि तीनशे सात काढला. अर्धे समजले, पण या वेळी नेमके अर्धे. "'श्रीकांत. ७.४०. विनीता दाणे टाकते तेव्हाच...'"

दयाल साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "ये श्रीकांत कौन-सा पक्षी है?"

"मैं हूँ, साहब."

नथ्थूने डोळे उघडले.

"देखा साहब!" भारद्वाजजी उभेच राहिले. "आदमियों के नाम हैं! ये श्रीकांत आदमी है, विनीता लड़की है, तो भारद्वाज चिड़िया कैसे? और इसी आदमी ने छुपाया!"

माझ्या एका नोंदीने विष्णुपंतांची चारशे अकरा पाखरे माणसे झाली होती. ते मात्र शांत होते. हिशेब जुळल्याचे समाधानच त्यांच्या चेहऱ्यावर होते.

दयाल साहेबांनी अनुवाद मिटला. मग म्हणाले, "खिरवडकरजी, ये दोनों आपके बगीचे में रोज़ आते हैं? ये दया... ये मेरे वाला, और ये भारद्वाज?"

"मेरे हिसाब से आते हैं."

"तो कल सुबह सात बजे हम देखेंगे. दोनों दिख गए तो मामला ख़त्म. एक भी नहीं दिखा तो मैं काग़ज़ ऊपर भेज दूँगा. आठ बजे तक."

 घरी आल्यावर विष्णुपंत दारात म्हणाले, "सही करून नग लपवलास. नापास." मग, "जेवायला ये."

कुंदाकाकू मात्र दोघांवर बरसल्या. "मेल्या, एक ओळ गाळलीस ती गाळलीस, यांना आधी सांगायचं नाही? आणि तुम्ही! साहेब म्हणतात सही करा, तर करायची. मोजत काहून बसले?"

"मग काय करू? माझं कामच ते आहे."

"आता उद्या भारद्वाज आला नाही तर? तो काय हजेरी लावायला येते?"

"नाही," विष्णुपंत म्हणाले. "तो सरकारी नोकर थोडाच आहे."

विनीता पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "पण श्रीकांतभैया, तुम्ही पक्षी बघायलाच यायचे नं? मी तर तसंच समजून राहिले." त्या एका 'भैया'ने माझ्या बाजूचा तो विषय कायमचा निकाली निघाला. कुंदाकाकूंनी माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

गुरुवारी, १६ तारखेला, पावणेसातलाच दयाल साहेब मफलर गुंडाळून हजर झाले. सोबत भारद्वाजजी, आणि फायली धरायला नथ्थू. बागेत तीन खुर्च्या मांडल्या. कुंदाकाकूंनी चहा दिला. विष्णुपंत आपल्या खुर्चीत, मांडीवर कोरे पाठकोरे पान.

सात वाजले. पहिल्यांदा खारी आल्या. चार नंबर थेट भारद्वाजजींच्या बुटापाशी गेली, बसली आणि त्यांच्या हातातल्या फायलीच्या लाल दोरीचे लोंबते टोक कुरतडू लागली.

"ये है साहब, जिसने ब्लैकआउट खाया," विष्णुपंतांनी ओळख करून दिली.

"हटाइए इसे! सरकारी काग़ज़ है!"

"हिलिए मत, पक्षी नहीं आएँगे," दयाल साहेब कुजबुजले. भारद्वाजजी हलले नाहीत. दोरी गेली.

सात वाजून बारा मिनिटांनी कुंपणावर काळा-पांढरा पक्षी उतरला. शेपूट ताठ उभी, छाती पुढे. तो एकदा डावीकडे वळला, एकदा उजवीकडे, जसा काही सलामी घेतो आहे. पेरूच्या फांदीवर त्याची मादी होती, करड्या रंगाची. तिने पंख साफ केला, दुसरीकडे तोंड केले आणि उडून गेली.

"दयाळ," विष्णुपंत हळूच म्हणाले. "ऐट बघा."

दयाल साहेब पाहत राहिले. चहा निवला. "मादा ने सचमुच नहीं देखा," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "एक बार देख लेती तो क्या जाता?"

एक दिसला. दुसरा मात्र येईना. साडेसात झाले. शिंपी येऊन गेला, परीट येऊन गेला, कोतवाल तारेवर बसून गेला. विष्णुपंत प्रत्येकाची नोंद करत होते, जणू चौकशी दुसऱ्याच कुणाची आहे. पावणेआठ. भारद्वाजजींना कंठ फुटला. "साहब, मैं तो पहले ही कह रहा था, ऐसी कोई चिड़िया होती ही नहीं." मागच्या दारात कुंदाकाकू पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या होत्या. आठला सहा मिनिटे कमी असताना साहेब खुर्चीतून उठले.

विष्णुपंतांनी पेन्सिल खाली ठेवली. पेरूकडे पाहिले, लिंबाकडे पाहिले. त्या सात दिवसांत त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"साहब," दाराशी उभा नथ्थू म्हणाला, "आप लोग ढूँढ़ किसको रहे हो?"

"एक पक्षी. लाल आँख, कत्थई पंख, झाड़ी में चलता है," मी म्हणालो.

"महोका? अरे तो बोलना था! वो ऐसे थोड़ी आएगा. इत्ते साहब लोग बैठे हैं." नथ्थूने फायली जमिनीवर ठेवल्या, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि पोटातून आवाज काढला: हुप, हुप, हुप, हुप.

काही नाही. त्याने पुन्हा काढला. मग कुंपणाच्या खालच्या अंगाने, रिकाम्या घागरीतून यावे तसे उत्तर आले. मेंदी हलली. आणि काळा कुळकुळीत, विटकरी पंखांचा, लालभडक डोळ्यांचा तो पक्षी एक एक पाऊल जपून टाकत बाहेर आला. चोरपावलानेच. आमच्याकडे त्याने पाहिलेही नाही. लिंबाच्या झाडावर उड्या मारत चढला, होल्याच्या घरट्याशी गेला आणि चोचीत अंडे घेऊन खाली उतरला.

 दयाल साहेब अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "भारद्वाजजी, अंडा."

"साहब, मैं नहीं... मतलब ये..."

"आँखें भी लाल हैं." साहेबांनी विष्णुपंतांकडे पाहिले. "क्या लिखा था आपने? नापास? ठीक लिखा था."

कुंदाकाकू आत पळाल्या आणि शिऱ्याची कढई घेऊनच आल्या. भारद्वाज दिसला की त्या दिवशी तोंड गोड होते, असे आमच्याकडे मानतात. कढई त्यांनी पहाटेच चढवली होती. भारद्वाजजींनीही शिरा खाल्ला. त्याच संध्याकाळी ढाक्याची बातमी आली आणि वसाहतीत पेढे वाटले गेले. काकू पुढे कित्येक वर्षे सांगत, "तो आमच्या लिंबावर आला, मग लढाई संपली." विष्णुपंत म्हणत, "पुन्हा तपासा."

शुक्रवारी ते कामावर गेले. प्रकरण बंद करताना दयाल साहेबांनी दोन अटी घातल्या. पहिली, यापुढे रजिस्टरात मनुष्यप्राण्याची नोंद नको. दुसरी, क्रमांक ३०७ चा अनुवाद तीन प्रतींत टंकलिखित करून, माझ्या सहीने, फायलीला जोडावा. म्हणजे 'श्रीकांत नामक' कोण आणि तो कुंपणाशी कशासाठी येतो, हे आजही कुठल्या तरी सरकारी दफ्तरात तीन प्रतींत आहे.

विष्णुपंत १९८० साली निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर रीतसर सोडावे लागले. जाताना त्यांनी नव्या भाडेकरूला अकरा खारींची यादी टोकन नंबरांसह लिहून दिली आणि पोच घेतली. विनीता त्याआधीच लग्न होऊन भिलाईला गेली होती. मीही नागपूरची शरयू करून आणली. तिला पक्षी ओळखता येतात. मला अजून येत नाहीत. विष्णुपंतांना अखेरच्या आजारात नीट दिसत नसे, तेव्हा शरयू खिडकीशी बसून सांगायची आणि ते निकाल द्यायचे. १९८८ च्या पावसाळ्यात ते गेले. त्या दिवसापर्यंत रजिस्टरे एकेचाळीस झाली होती आणि एकाही नोंदीत खाडाखोड नाही.

क्रमांक ३०७ मी कचेरीसमोरच्या टंकलेखकाकडून टाइप करून घेतला. त्याने साठ पैसे सांगितले. माझ्याकडे पाचाची नोट होती, त्याच्याकडे सुटे नव्हते, म्हणून ते विष्णुपंतांनी दिले.

ते साठ पैसे मी त्यांना देणे आहे.